आधी ग्रंथ, मग हॉस्पिटल

मी आयुर्वेदाची पदवी घेतलेली बाई. पुण्यात साडेपाच वर्षं घासून डॉक्टर झाले, पुढे वर्षभर एका वैद्यांकडे पुड्या बांधल्या आणि लग्न होऊन दुबईला आले. इथे लायसन्सची परीक्षा दिल्याशिवाय माझ्या पदवीला कुणी विचारत नव्हतं आणि ती परीक्षा मी दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलत होते. मुलगी लहान आहे, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण नापास व्हायची भीती. ते मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

तर डॉक्टर असूनही मी खाडीपलीकडच्या देरा भागातल्या एका चिनी उपचार केंद्राच्या रिसेप्शनवर बसत असे. सकाळी मुलीला स्कूल बसमध्ये बसवायचं, अल मनखूलहून खाडीपर्यंत चालत जायचं, अब्रातून, म्हणजे लाकडी होडीतून, पलीकडे उतरायचं आणि ट्रेडिंग ऑफिसांच्या एका जुन्या बिल्डिंगचा दुसरा मजला गाठायचा. फाइल काढायची, अपॉइंटमेंट लिहायची, आत सुया टोचून घेत पडलेल्या माणसाच्या बायकोला बाहेर धीर द्यायचा. कामात काही जीव नव्हता, पण आतून औषधांच्या काढ्याचा वास आला की मला आपण अगदीच वाया गेलेलो नाही असं वाटायचं.

केंद्रात दोन चिनी माणसं होती. एक मोठे डॉक्टर, ज्यांचं लायसन्स भिंतीवर लावलेलं होतं. दुसरी पन्नाशीची एक बाई, कागदावर असिस्टंट. पेशंटना मात्र सगळं ठाऊक होतं. करामा भागातून येणाऱ्या आमच्या गुजराती बायका फोनवर आधी विचारत, "वो मॅडम है ना आज?" ती नसेल तर उद्या येतो म्हणत. तिच्याकडे तिच्या देशातली पदवी होती, अनुभवाची पत्रं होती, फक्त परीक्षा देण्याइतकं इंग्रजी नव्हतं. मी तिला डॉक्टर म्हणायची. भिंतीवर काय लावलंय याच्याशी मला घेणं नव्हतं.

तिचा नवरा तिकडे गावी होता. त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून तीनदा त्याला मशीनवर घेत आणि ते मशीन हिच्या दुबईच्या पगारावर चालत असे. एकदा मी आगाऊपणे विचारलं, तुमच्या ग्रंथांत यावर काही नाही का? ती हसली. "बुक हॅज," ती म्हणाली, "बट हजबंड नीड मशीन." आयुर्वेदाच्या अभिमानापायी काविळीच्या पेशंटला महिना महिना काढे पाजत बसलेले लोक मी पाहिले होते, त्यामुळे हे वाक्य मला फार आवडलं.

मग २००८ चा शेवट आला आणि त्याबरोबर मंदी. नवरा क्वांटिटी सर्व्हेअर, बांधकाम कंपनीत मालाचा आणि खर्चाचा हिशेब मांडणारा. रोज घरी येऊन बूट काढता काढता सांगायचा, "आज आमच्या फ्लोअरवर आणखी चौघांना लेटर दिलं." साइटी बंद पडल्या, क्रेन जागच्या जागी उभ्या राहिल्या. आमच्या केंद्रातलीही गर्दी बघता बघता ओसरली. पाठ दुखत असली तरी माणूस ऑफिसातल्या खुर्चीतून उठायला घाबरायचा, न जाणो परत येईपर्यंत खुर्चीच नसली तर! फेब्रुवारीत मोठे डॉक्टर सुट्टीवर म्हणून गेले आणि तिकडूनच त्यांनी कळवलं की परत येत नाही.

लायसन्सवाला डॉक्टर नसेल तर केंद्र फार दिवस चालवता येत नाही. आमचा मॅनेजर केरळचा, भला माणूस, पण मालकापुढे त्याचं काही चालत नव्हतं. त्याने आम्हा दोघींना समोर बसवलं आणि हिंदीत सांगितलं, "मॅडम दो महिने में एग्ज़ाम पास कर ले तो इन्शाल्ला सब ठीक. नहीं तो खलास." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. खलास हा शब्द तिला समजावून सांगावा लागला नाही. केंद्र बंद म्हणजे व्हिसा बंद, पगार बंद आणि तिकडे मशीन बंद.

"मी शिकवते," मी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. मला लहानपणापासून शिकवायची खाज आहे. स्वतः जी परीक्षा भीतीपोटी दिली नाही, ती दुसरीने कशी द्यायची हे सांगायला मी तयार! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण तेव्हा मला मी मोठी कुणीतरी उपकारकर्ती वाटत होते.

दुपारी एक ते चार केंद्र बंद असे. त्या वेळात आम्ही उपचाराच्या खाटेवर पुस्तकं पसरून बसायचो. मी डब्यातली पोळीभाजी पुढे करायची, ती थर्मासमधलं नुसतं गरम पाणी ओतायची. तिचे मूळ ग्रंथ चार, आणि चारही तिला वडिलांनी लहानपणीच पाठ करून घ्यायला लावलेले. घडाघडा म्हणायची. अक्षर कळत नसलं तरी तो सूर मला ओळखीचा होता. आमच्या कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये पहाटे असाच सूर लागलेला असे.

पहिल्या ग्रंथात एक सम्राट प्रश्न विचारतो आणि त्याचा वैद्य उत्तरं देतो. आमच्या संहितांत शिष्य विचारतो आणि गुरू सांगतो. मी तिला म्हटलं, तुमचा वैद्य बिचारा जपून बोलत असेल, चुकलं तर मुंडकं जायचं. तिला हे फार पटलं. दुसऱ्यात नाडीविषयीच्या आणि शरीराविषयीच्या एक्याऐंशी अवघड शंका आणि त्यांची उत्तरं. तिसऱ्यात औषधी, पण त्यांना दर्जे लावलेले: रोज खाल्ली तरी बाधत नाही ती वरच्या मानाची, आणि जहाल असून रोगावर तुटून पडते ती खालची, गरजेपुरती बोलवायची. चौथा ग्रंथ तापाचा. थंडी बाधून येणारा ताप शरीरात एकेक पायरी कसा आत उतरतो आणि कोणत्या पायरीला कोणता काढा, याचा. लिहिणाऱ्याच्या घराण्यातली निम्म्याहून जास्त माणसं काही वर्षांत साथीला बळी पडली होती. ती डोळ्यांदेखत जाताना हा काही करू शकला नाही, म्हणून तो जुने ग्रंथ घेऊन बसला आणि त्याने हा लिहिला, असं तिने मला तुटक इंग्रजीत सांगितलं. सांगताना ती पुस्तकाकडे नव्हे, खिडकीकडे पाहत होती.

परीक्षेत या चौथ्या ग्रंथावर भर असतो असं कळलं, म्हणून मी त्याचं इंग्रजी भाषांतर विकत आणलं. नवऱ्याने किंमत वाचली. "दीडशे दिरहॅम? म्हणजे दोन हजार रुपये! एका तापाच्या पुस्तकाला?" मी म्हटलं, एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. मुलगी त्यातल्या चिनी अक्षरांच्या रेघोट्या पाहून म्हणाली, "मम्मा, इज दॅट युअर होमवर्क?" मी हो म्हटलं आणि खरंच इतक्या वर्षांनी अभ्यासाला बसले. मला मजा येत होती, हे कबूल करायला हवं. दर पानाला मी तिला थांबवून म्हणायची, हे तर आमच्याकडे पण आहे, यालाच आम्ही वात म्हणतो. शेवटी तिने हात वर केला. "टीचर," ती म्हणाली, "युअर बुक, नो एग्ज़ाम. माय बुक, एग्ज़ाम." ती मला टीचर म्हणायला लागली होती.

लेखी परीक्षेची तयारी तिने स्वतःच केली, शब्द पाठ करून. भीती होती तोंडी परीक्षेची. आणि तोंडी परीक्षा कशी जिंकायची हे मला नक्की ठाऊक होतं, निदान तसं वाटत होतं. आमच्या कॉलेजात बाहेरगावचे परीक्षक येत. उत्तर बरोबर दिलं तरी भुवई उचलून म्हणत, "संदर्भ?" मग संहिता, स्थान, अध्याय सांगून सूत्र म्हणायचं. सूत्र खणखणीत आलं की परीक्षक मागे टेकून डोळे मिटत आणि पुढचा प्रश्न सोपा येई. पेशंटचा हात नीट हातात न धरता नुसत्या सूत्रांवर पास झालेले आम्ही कितीतरी आहोत. मीही त्यातलीच.

म्हणून मी तिच्यासाठी उत्तराचा साचा ठरवला. आधी ग्रंथ कोणता, मग प्रकरण कोणतं, मग त्यात रोगाचं वर्णन काय, नाडी कशी, मग काढा आणि त्यातली द्रव्यं. सगळ्यात शेवटी, जरूर पडल्यास पेशंटला हॉस्पिटलला पाठवीन. ती आपली उत्तरं वहीत लिहून आणायची. पहिल्याच दिवशी पाहिलं तर तिच्या प्रत्येक उत्तराची पहिली ओळ एकच: डेंजर, येस ऑर नो? मी लाल पेनाने ती ओळ खोडली.

"फर्स्ट, डेंजर," ती म्हणाली.

"ते शेवटी. डॉक्टर, आधी त्यांना कळू दे तुम्ही किती शिकलेल्या आहात. सुरुवातीलाच हॉस्पिटल म्हणालात तर त्यांना वाटेल, हिला काहीच येत नाही, नुसती पाठवून देते."

तिने मान डोलावली, माझ्याच हातातलं लाल पेन घेतलं आणि पुढच्या सगळ्या पानांवरची ती ओळ स्वतः खोडली. तेव्हा मला आपली विद्यार्थिनी किती ऐकते याचा आनंद झाला होता.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्याबरोबर टॅक्सीने गेले. तिने निळा कोट घातला होता, केस पाणी लावून बसवले होते. टॅक्सीत ती पुटपुटत होती आणि मी ऐकत होते. इंग्रजी अगदी गुळगुळीत झालं होतं, कुठे अडखळत नव्हती. ती आत गेली. मी बाहेरच्या खुर्च्यांवर बसून बाप्पाला सांगितलं की हिला पास कर, माझं पुढच्या वर्षी बघू. पंधरा-वीस मिनिटांत ती बाहेर आली, गाल लाल झालेले.

"गुड?" मी विचारलं.

"गुड. आय टेल बुक. ऑल चॅप्टर." मग म्हणाली, "दे स्टॉप मी. दे से, थँक यू, इनफ."

मी तिला मिठीच मारली. आमच्याकडे परीक्षकाने पुरे म्हटलं की समजायचं, बाई, तू जिंकलीस. परतताना आम्ही करामात उतरून डोसा खाल्ला. तिने आपला डोसा चॉपस्टिकशिवाय कसा खायचा म्हणून खोटं रडून दाखवलं आणि आम्ही वेड्यासारख्या हसलो.

दहा दिवसांनी निकाल आला. लेखी पास, तोंडी नापास. मॅनेजरने कागद टेबलावर ठेवला आणि उगाचच पंखा मोठा केला. मी पहिल्यांदा चिडले ती परीक्षकांवर. चिनी बाई म्हणून डावललं, इंग्रजी कळलं नसेल, माझ्या तोंडाला येईल ते मी बोलत होते. मी डॉक्टरांना म्हटलं, नेमकं काय विचारलं होतं ते सांगा, आपण लेखी तक्रार करू.

तिने सांगितलं. तरुण माणूस, सडकून ताप, डोकं ठणकतंय, मान आखडलीय, वाकत नाही. काय कराल?

मला आधी कळलंच नाही की यात चुकलं कुठे. तापाच्या ग्रंथाची सुरुवातच जवळजवळ इथून होते. तिने ग्रंथ सांगितला, पायरी सांगितली, वर तरंगणारी नाडी सांगितली, दालचिनीच्या डहाळीचा काढा सांगितला. त्यातली पाच द्रव्यं मोजून सांगायला घेतली, आलं आणि सुक्या लाल बोरांशी पोचली, आणि तिथे त्यांनी म्हटलं, थँक यू, इनफ. हॉस्पिटल शेवटी होतं. तिथवर ती पोचलीच नाही.

आणि मग मला आदल्या वर्षी केंद्रात आलेला एक ड्रायव्हर आठवला. असाच ताप, अशीच मान. त्याला दोघांनी धरून आणलं होतं. डॉक्टरांनी नाडीवर बोटंसुद्धा ठेवली नव्हती. एक हात मानेमागे घालून डोकं जरा उचललं, तो ओरडला, आणि ती सरळ बाहेर येऊन मला म्हणाली होती, "टॅक्सी. हॉस्पिटल. नाऊ." एक सुई नाही, एक पुडी नाही. मेंदूच्या आवरणाचा ताप निघाला, वेळेवर नेला म्हणून वाचला. पुढे तो खजूर घेऊन तिला भेटायला आला होता. परीक्षकांना हवं होतं ते एक वाक्य ती रोज जगत होती. ते तिच्या वहीत पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, आणि तो माझ्याच हाताने झाला.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "डॉक्टर, माझं चुकलं. तुमचं उत्तर बरोबर होतं. तुम्हाला तिथे आठवलं नाही का, हॉस्पिटल आधी म्हणावं?"

"आठवलं," ती म्हणाली. हे सगळं ती तिच्या इंग्रजीत म्हणाली, पण मला ते कायम मराठीतच आठवतं. "प्रश्न ऐकला आणि लगेच कळलं. तोंडाशी आलं होतं. मग वाटलं, या देशातलं टीचरला जास्त माहीत."

मी माफी मागितली, ती म्हणाली असू दे. मी पुन्हा मागितली. तिसऱ्यांदा मागायला लागले तेव्हा तिने माझ्यासमोर गरम पाण्याचा कप सरकवला.

मग मी जे जे सुचेल ते केलं. लायसन्सच्या ऑफिसला पत्र लिहिलं की चूक शिकवणारीची आहे, उमेदवाराची नाही. त्यांच्या काउंटरवर जाऊन उभी राहिले. तिथली मुलगी फार सौजन्याने बोलली आणि म्हणाली, सहा महिन्यांनी पुन्हा बसता येईल, पण नोकरी देणाऱ्याचं पत्र लागेल. मी मालकाला भेटायला गेले, त्याने मला कॉफी पाजली आणि हात पसरले. त्याचे आणखी दोन धंदे बसले होते. नवऱ्याला म्हटलं, तुझ्या ओळखीत कुणी क्लिनिकवाला बघ. तो म्हणाला, "अगं, माझ्या ओळखीतले सगळे माझ्याकडे ओळख शोधतायत." त्याचं काही खोटं नव्हतं. मी दुसऱ्या चिनी केंद्रांना फोन केले, दोन बंद झाली होती, एकाने नंबर लिहून घेतला. एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसून नुसतं बघत राहावं तशी मी ते दिवस काढत होते, फरक इतकाच की आजार मीच आणला होता.

व्हिसा रद्द झाला. तीस दिवस मिळाले. केंद्रातल्या औषधांच्या लाकडी खणांवर कागद चिकटवून तिने एकेक मोजून मॅनेजरच्या ताब्यात दिली, जणू उद्यापासून कुणीतरी येऊन ती वापरणार होतं. विमानतळावर मी आणि मुलगी गेलो होतो. मुलगी म्हणाली, "आंटी, व्हेन आर यू कमिंग बॅक?" डॉक्टरांनी तिच्या गालाला हात लावला आणि चिनीत काहीतरी म्हणाली. आत जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही. मी मात्र ती दिसेनाशी झाल्यावरही कितीतरी वेळ तिथेच उभी होते. आता धावत जाऊन काही करता येईल, असं काहीच उरलं नव्हतं.

नवऱ्याची नोकरी टिकली, पगार कापून का होईना. मला मात्र घरी बसवेना. दोन वर्षांनी मी स्वतः परीक्षेला बसले. आता नापास होण्याची भीती वाटत नव्हती. आणखी वाईट काय व्हायचं होतं? तोंडी परीक्षेत तिघं समोर होते. एकाने कागद पाहून विचारलं: बारा वर्षांची मुलगी, दोन दिवस ताप, उलट्या, उजेड सहन होत नाही, मान आखडली आहे. आयुर्वेदाप्रमाणे काय कराल?

मला संहिता आठवत होती, स्थान आठवत होतं, सूत्रही जिभेवर होतं. मी म्हणाले, "आयुर्वेदाप्रमाणे काही करणार नाही. आधी हॉस्पिटलला पाठवीन, त्याच मिनिटाला." तिघांनी एकदम काहीतरी लिहून घेतलं. मी पास झाले. आता माझं लायसन्स करामातल्या एका क्लिनिकच्या भिंतीवर आहे.

मी तिला मेल केली की मी पास झाले. का केली कोण जाणे, कदाचित तिच्याशिवाय हे सांगायला दुसरं माणूस नव्हतं. तिच्या भाच्याला इंग्रजी येत होतं, त्याने तिच्या वतीने उत्तर लिहिलं. मावशी खूप खूश झाली, तिने शेजाऱ्यांनाही सांगितलं. ती आता गावातल्या दुकानात औषधं तोलते. काकांचं मशीन आठवड्यातून एकदाच होतं, ते पुरत नाही हे मावशीला माहीत आहे. आणि शेवटी एक ओळ होती. मावशी विचारते आहे, टीचरला तोंडी परीक्षेत काय विचारलं?

ती मेल अजून माझ्याकडे आहे. मी उत्तर दिलेलं नाही.